फाल्गुनात हिरवं काय राहतं?

हळदीची पानं पौषात पिवळी पडतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पातोळ्यांसाठी पानं हवीत तर ती श्रावणात मागायची. माघात कुणी मागायला येत नाही, कारण तोवर वाफ्यात फक्त वाळलेले देठ उरलेले असतात. एवढं उघड असूनही, घराभोवती वणवा अडवणारा हिरवा पट्टा करायचा ठरलं तेव्हा मी सगळ्यांत आधी हळदच लावली. तिच्या शेजारी पेव, मग कचोरा, मध्ये मध्ये सुरण. आषाढातला पाऊस, झाडांखालची गार सावली, हातभर रुंद लुसलुशीत पानं. पडवीत उभं राहून बघितलं की वाटायचं, या ओल्या हिरव्या भिंतीतून आग कशाला येतेय?

पुढच्या फाल्गुनात ती आली, आणि नेमकी तिथूनच आली.

आमचं घर सिंधुदुर्गात आहे, कुडाळच्या पूर्वेला, सह्याद्रीचा चढ जिथे सुरू होतो तिथे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे खळं. मागे ऐन, किंजळ, जांभूळ अशी मिश्र झाडी आणि झाडी संपते तिथून पुढे गवताळ कातळ. खालच्या अंगाला काजू. मुंबईतली नोकरी संपवून मी इथे कायमची राहायला आले तेव्हा आईने दोनच गोष्टी बजावल्या होत्या. पावसाआधी कौलं परतून घे, आणि शिमग्याआधी घराभोवतीचं गवत काढ. पहिली मी नीट ऐकली. दुसरी ऐकली तीही, पण माझ्या पद्धतीने. नुसतं गवत काढून उघडी माती कशाला ठेवायची, त्या जागी काहीतरी लावूया, असं मला वाटलं. तो विचार चूक नव्हता, असं मी आजही म्हणेन. चुकली ती निवड.

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या पाण्यावर गवत कमरेएवढं वाढतं, दिवाळीनंतर त्याचा रंग बदलायला लागतो आणि फेब्रुवारीत त्याच्यावरून नुसता हात फिरवला तरी कुसळं टोचतात. बाहेरून येणारा माणूस म्हणतो, एवढ्या पावसाच्या मुलखात वणवे कसे? वणवे आहेत ते या पावसामुळेच. पाऊस जळण वाढवतो आणि उरलेले आठ महिने ऊन ते वाळवत बसतं.

त्यात आमचं घर चढावर. दुपारी समुद्राकडून खारं वारं सुटतं ते थेट डोंगराला जाऊन भिडतं. खाली कुठे कुणाचा बांध पेटला, कुणी नवं गवत चांगलं फुटावं म्हणून जुनं जाळलं, कुणाची भाताच्या पेरणीआधीची भाजावळ हाताबाहेर गेली, कुणी विडी टाकली, की आग वाऱ्याबरोबर चढ चढायला लागते. चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर ओणवी होते आणि ते पेटायच्या आधीच त्याला शेकून काढते. ऑस्ट्रेलियातले आग विझवणारे एक ढोबळ अंदाज धरतात, की चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. सड्यावरची, म्हणजे सपाट कातळावरची, आग आणि घाटीतली आग या दोन वेगळ्या चिजा का, ते मला हा आकडा कळल्यावर उमगलं.

त्या दिवशी दुपारचे अडीच वाजले असतील. आधी वास आला, मग आवाज. सुक्या पानांवर पावसाचे थेंब पडावेत तसा तडतड आवाज, फक्त तो एका बाजूने जवळ येत होता. शेजारचे काका, त्यांचे दोन मुलगे आणि आम्ही घरातले तिघं किंजळीच्या ओल्या डहाळ्या तोडून धावलो. गवतातली आग डहाळीने वरून बडवायची नसते, तशाने ठिणग्या उडतात. डहाळी तिच्यावर दाबायची आणि जळलेल्या बाजूकडे ओढायची. हे मला काकांनी तिथेच, ओरडून, शिकवलं. मी मात्र पुन्हा पुन्हा मागे वळून माझ्या हिरव्या पट्ट्याकडे बघत होते, कारण माझा सगळा भरवसा त्याच्यावर होता.

त्या पट्ट्यात फाल्गुनात हिरवं काही नव्हतंच. हळदीची पानं वाळून जमिनीवर एकावर एक पडली होती, कागदाच्या थप्पीसारखी. पेवाच्या काठ्या सुकून आडव्या झाल्या होत्या. सुरणाचा दांडा कधीच कोसळून गेला होता. त्यावर वरच्या झाडांचा पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला. आग गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, एका ढासळलेल्या जागेतून आत शिरली, हळदीच्या वाफ्यात आली आणि मी डोळ्यांनी बघत असताना वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली. वाफा मी घराला समांतर आखला होता. तिला वाट मीच आखून दिली होती.

पडवीला उन्हाळ्यासाठी हिरवी शेडनेट बांधली होती. ती भडकली नाही, वितळली, आणि तिचे जळते थेंब खाली पडले. तेवढ्यात मुलांनी पाण्याचं पिंप ओतलं. घर वाचलं. मागची लाकडांची खोप गेली, आणि तिच्याबरोबर आजोबांच्या वेळचं एक जुनं उखळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळीकडे फिरले. ती फेरी माझ्यासाठी पुढच्या सगळ्या वर्षांची शाळा ठरली, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. जळलेली जमीन काळी असते, पण ती सरसकट काळी नसते. काळ्याला कडा असतात, आणि प्रत्येक कड काहीतरी सांगत असते.

काजूखाली आग नीट शिरली होती. काजूचं पान जाड, ते कुजायला वेळ लागतो, त्यामुळे खाली वीतभर थर साचलेला असतो. कलमांच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या, त्यांची पानं खालून करपलेली. मोसमातल्या पडलेल्या बिया काळ्या होऊन फुटल्या होत्या. काजूच्या टरफलात तेल असतं आणि ते पेटलं की कसं फुरफुरतं, हे ज्याने चुलीवर बी भाजली आहे त्याला सांगायला नको. घाणेरीची जाळी होती तिथे नुसत्या काळ्या काड्या उभ्या होत्या. रानमोडीचंही तेच.

मग कोकमाचं झाड. आम्ही त्याला रातांबा म्हणतो. आजीच्या हातचं, म्हणजे निदान साठ वर्षांचं. त्याच्या फांद्या खाली झुकलेल्या, पानं गडद आणि चकचकीत, आत शिरलं की दुपारी दिवेलागणीचा भास व्हावा एवढा काळोख. आग त्याच्या घेरापर्यंत आली होती, हातभर आत सरकली होती आणि तिथे विझली होती. कुणी विझवलेली नव्हती. आत थोडा पातेरा होता, त्याच्या वरच्या थराला काळी किनार लागली होती, खालचा थर हाताला दमट लागत होता. गवताची एक काडी नव्हती. तिथे ती कधीच नसते, कारण तिथे ऊन पोचत नाही.

आणि न्हाणीच्या मागे अळू. न्हाणीचं पाणी ज्या चरातून वाहतं त्याच्या दोन्ही बाजूंना आईने लावलेला वडीचा अळू. कडेची चार-पाच पानं उकडून लोंबत होती, बाकीचा अळू जसाच्या तसा उभा. त्याच्या पलीकडे चार केळी. केळींच्या अंगावर लोंबणारा सुका पाला जळून गेला होता आणि आतला हिरवा बुंधा नुसता काळवंडला होता. नखाने टोकरलं तर खालून पाणी आलं.

काका मागून येऊन उभे राहिले. म्हणाले, “बाय गो, आग गवतार चालता. गवत नाय तर आग नाय.”

हे वाक्य मी त्याआधीही शंभरदा ऐकलं असेल. त्या सकाळी कोकमाखाली उभं राहून ते पहिल्यांदा कळलं. मी वर्षभर विचार करत होते तो न पेटणारं रोप कोणतं, याचा. असं रोप नसतंच. पुरेसं तापवलं तर काहीही जळतं. खरा प्रश्न होता तो गवताला जागा कुठे मिळते हा, आणि त्याचं उत्तर वर डोक्यावर होतं. आमच्या डोंगरावरची ही कुसळी गवतं उन्हाची भुकेली. दाट सावलीत ती उगवत नाहीत, उगवली तर खुरटतात. वर सावली मिटलेली असेल तर खाली गवत नाही, ओल टिकते, वारा अडतो, पातेरा वाळायच्या आधी कुजायला लागतो. देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, वणवा सहसा का शिरत नाही, याचं कारण भीती आणि श्रद्धा जितकं आहे तितकंच हेही आहे. काठापर्यंत माळ जळलेला असतो आणि आत पाय ठेवला की तळव्याला गारवा लागतो.

म्हणजे घराभोवतीची जाळरेषा दोन तऱ्हांनी करता येते. वनखातं डोंगरावर करतं तशी: सगळं खरवडून, जाळून, उघडी पट्टी. ती दर वर्षी नव्याने करावी लागते. किंवा सावलीने. ती उभी राहायला दहा-पंधरा वर्षं लागतात, पण नंतर तिची मशागत कमी कमी होत जाते. पहिली सोडून दुसरी धरा असं मी म्हणत नाही. सावली मिटेपर्यंत खरवडावंच लागतं. पण डोळ्यांपुढे असावी दुसरी.

आणि त्या सावलीखाली काय लावायचं, हा माझा मूळ प्रश्न. तो सुटला तो एका साध्या गोष्टीने. आमच्याकडे रोपं घेतली जातात मृग ते श्रावण. रोपवाटिकेत त्या दिवसांत गेलं तर काय हिरवं नसतं? कुंपणाची खुंटंसुद्धा पालवलेली असतात. त्या वर्षी मी काहीच घेतलं नाही. वही घेऊन फाल्गुनात आणि चैत्रात फिरले. शेजाऱ्यांच्या परसात, ओहोळाच्या कडेला, देवळामागे, मोडक्या घरांच्या जोत्यांवर. पाणी न घालता, झाडाच्या सावलीत, आज या तारखेला काय हिरवं आहे, एवढंच लिहायचं. पान दुमडून बघायचं: मोडताना कट् आवाज आला तर नको, ओलं होऊन वाकलं तर नाव लिहायचं. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि कुणी विचारलं तर मी यादी देत नाही, वही घेऊन फिरायला सांगते. कारण माझ्या परसातलं उत्तर पलीकडच्या वाडीत तसंच्या तसं लागू पडेल असं नाही.

हळद, पेव, कचोरा, सुरण, रानातलं तेरं ही सगळी मंडळी त्या वहीत कुठेच नाहीत. त्यांचा यात दोष नाही. उन्हाळ्याला सामोरं जायची त्यांची रीतच ती आहे, सगळं सत्त्व कंदात घेऊन जमिनीखाली झोपून जायचं. झोपलेल्याला राखणीला बसवलं मी. हळद मी आजही लावते, पण घराच्या पट्ट्यात नाही, आणि माघात कंद काढले की पाला त्याच दिवशी उचलून खताच्या खड्ड्यात.

वहीत पहिलं नाव होतं अडुळसा. मोडक्या घराच्या जोत्यावर, चैत्रात, कुणी पाणी न घालता, गर्द हिरवा, वर पांढरी फुलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे वई घालायला नको. पावसाच्या तोंडावर खुंट खोचला की जगतो. अर्धी सावली त्याला मानवते. पाणी अजिबात मिळालं नाही तर मे महिन्यात पानं थोडी मलूल होतात, पण गळून ढीग होत नाही. दर वर्षी माघात मी तो कमरेपर्यंत छाटते, म्हणजे खालची सुकी काटकी निघून जाते आणि वर नवी पालवी येते. छाटणीचा पाला काढ्याला आजूबाजूचे घेऊन जातात, उरतो तो खताला.

दुसरं नाव अननस. गडग्याच्या आतल्या बाजूला, काजू आणि फणसाच्या विरळ सावलीत, दोन ओळी. अननस दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो, म्हणून दुपारच्या उन्हात त्याचं पाणी जात नाही. वैशाखात त्याचं पान तोडून पिळलं तरी बोटं ओली होतात. काटेरी असल्यामुळे त्यातून गुरं-माणसं सहसा जात नाहीत. त्याची एकच राखण आहे. बुडाजवळची जुनी पानं सुकून चिकटून राहतात, ती ओढून काढावी लागतात. हातमोजे घालून करायचं काम ते, मोठ्या कंटाळ्याचं, पण माघात दोन सकाळी दिल्या की होऊन जातं.

चिऱ्यांच्या फटींत पानफुटी. हिचं एक पान दगडावर पडलं तरी कडेने रोपं फुटतात. पान जाड, रसाळ, चवीला आंबट. जिथे मातीच नाही, पाणी नाही, आणि मोकळी फट ठेवली तर गवत येणारच, तिथे ती. शहरात स्नेक प्लांट म्हणून कुंडीत विकतात तेही एका भाचीने आणून दिलं होतं, मी नाराजीनेच लावलं. आता कबूल करते की फणसाखाली, इतर काही धड जगत नव्हतं त्या जागी, ते सात वर्षं उभं आहे.

पाण्याचं गणित मुद्दाम सांगते, कारण हिरवं पान आग का अडवतं हे त्याशिवाय नीट पटत नाही. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. म्हणजे पान पेटायच्या आधी आगीला त्यातलं पाणी उडवावं लागतं, आणि तिची मिळकत त्यातच खर्च होते. गवतातली आग एका जागी थांबत नाही, मिनिटभरात पुढे जाते. तेवढ्या वेळात तिला हा खर्च झेपत नाही. केळीच्या बुंध्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. चार केळींची रांग म्हणजे उभी ठेवलेली पाण्याची पिंपंच. पण त्याच केळीचं लोंबणारं सोपट आणि सुका पाला म्हणजे पिंपाला बांधलेला पलिता. केळ लावायची तर कोयता हाताशी हवा, ही अट मी सगळ्यांना आधी सांगते.

पाणी द्यायचं कुठून, हा पुढचा प्रश्न, आणि तो नैतिकही आहे असं मला वाटतं. एप्रिलमध्ये आमच्या विहिरीचा तळ दिसतो. वाडीत चार घरं पाण्यासाठी लांब जात असताना मी शोभेच्या पट्ट्यावर नळी सोडून बसणार नाही. म्हणून ज्यांना उन्हाळ्यात पाणी लागतं ती फक्त न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्यावर पोसतील एवढीच: अळू, केळ, कर्दळ, आणि पोफळींवर चढवलेल्या दोन मिरवेली. आमच्या जुन्या बायकांनी न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळीला सोडलं ते वडी आणि केळफुलासाठी. पण घराच्या मागच्या, डोंगराकडच्या, नेमक्या उघड्या बाजूला त्यामुळे बारमाही ओला पट्टा तयार झाला. मी नवीन काही केलं असेल तर एवढंच, की तो चर वीसेक हात पुढे नेला.

काय काढून टाकलं, तेही सांगायला हवं. अंगणातला गवती चहा. त्याचा वास ज्या तेलाचा, तेच तेल जळतं, आणि थोंबाच्या पोटात सुकी पाती दाटलेली असतात. तो आता घरापासून लांब, विहिरीच्या बांधावर आहे. न्हाणीलगतचं बांबूचं बेट आम्ही तीन वर्षांत हळूहळू संपवलं. बांबूखाली त्याचीच सुकी पानं आणि टरफलं पसरलेली असतात आणि पेरं पेटली की बंदुकीसारखी फुटतात. त्याचं मला वाईट वाटलं, कारण तिथे भारद्वाजाचं घरटं असायचं. घाणेरी आणि रानमोडी मात्र मुळासकट, आणि दर वर्षी. घाणेरीचं वाईट असं की ती गवताहून उंच आणि झाडाहून ठेंगणी. गवतातली आग तिच्यावर पाय देऊन झाडाच्या शेंड्यावर चढते. कर्नाटकात बंदिपूरच्या जंगलात २०१९ च्या फेब्रुवारीत मोठा वणवा लागला, तेव्हाही या घाणेरीच्या रानाबद्दल बरंच बोललं गेलं होतं.

या शिडीवरून माझा माझ्या भावाशी वाद झाला. तो कॅलिफोर्नियात राहतो, सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या एका गावात, पाइनच्या झाडीत घर. आमच्याकडचा वणवा ऐकून त्याने तिथले नियम मला समजावून सांगितले. तिथे घराभोवती १०० फुटांपर्यंत जळण कमी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिले ३० फूट जास्त कडक. आणि २०२० च्या एका कायद्याने भिंतीलगतच्या पाच फुटांचा वेगळा विचार सुरू झाला, की तिथे जळू शकेल असं शक्यतो काहीच नको. त्यामागे २०१८ च्या ८ नोव्हेंबरची आठवण आहे. त्या दिवशी पेटलेल्या वणव्यात पॅराडाइज नावाचं गाव जवळजवळ पूर्ण गेलं, ८५ माणसं मेली, अठरा हजारांहून अधिक इमारती जळल्या. त्यानंतरचे फोटो भावाने मला दाखवले होते. राखेचे चौकोन, आणि त्यांच्या शेजारी उभी हिरवी पाइन झाडं. घरं जळाली ती झाडांमुळेच असं नाही. वाऱ्यावरून आलेल्या ठिणग्या पन्हळीतल्या पानांत, दारातल्या पायपुसण्यात, लाकडी कठड्याच्या फटीत पडल्या, आणि एक घर पेटलं की त्याने शेजारचं पेटवलं.

पाच फुटांचं ऐकून मला आमचं खळं आठवलं. शेणाने सारवलेलं, रोज झाडलेलं, काडी नसलेलं. भिंतीभोवती चिऱ्यांची फरसबंदी, मग तुळस, मग गडगा. हे सगळं आगीसाठी केलेलं नव्हतं, भात झोडण्यासाठी, सापासाठी, पावसाच्या पागोळ्यांसाठी होतं. पण खळं काढून तिथे लॉन आणि भिंतीला चिकटून क्रोटनची झुडपं लावायची पद्धत आता नव्या घरांतून आली आहे, तेव्हा आपण काय उपटून टाकतो आहोत ते कळायला हवं. मी भिंतीपासून सहा फूट आता काही लावत नाही. अडुळसासुद्धा नाही.

वाद झाला तो पुढच्या मुद्द्यावर. भावाचं म्हणणं, झाडं विरळ कर, एका झाडाचा शेंडा दुसऱ्याला लागता कामा नये. त्याच्या पाइनच्या रानात ते बरोबर असेल. पाइनमध्ये राळ असते आणि तिथली आग शेंड्यावरून शेंड्यावर जाते. आमच्या जांभळाच्या आणि कोकमाच्या छायेत मी एक झाड तोडलं तर तेवढ्या भोकातून ऊन खाली येतं, आणि पुढच्या पावसात तिथे गवत उगवतं. मी तोडले ते फक्त खालचे सुके ढापे, पुरुषभर उंचीपर्यंत. कौलांवर आलेल्या फांद्या तोडल्या, कारण पन्हळीत पातेरा नको. माडांच्या लोंबणाऱ्या झावळ्या पाडेल्याकडून दर दोन महिन्यांनी काढून घेते. घेराजवळच्या काजूंच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या आणि पातेरा ओढून खड्ड्यात भरला. ऐनाला हात लावला नाही. त्याची मगरीच्या पाठीसारखी जाड साल किती वणवे सोसून उभी आहे, ते बुंध्यावरच्या काळ्या रेघांवरून दिसतं. वरची सावली सांधलेली ठेवायची आणि खालची शिडी काढायची, एवढा माझा हिशेब. भावाला तो पूर्ण पटलेला नाही.

नवी झाडं म्हणून आठ कोकमं लावली, दोन सीता-अशोक ओहोळाच्या बाजूला, आणि जांभळाची रोपं आपोआप येतात ती राखली. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी, फुलं येईपर्यंत कळत नाही. लोक मादी कलमं मागतात, साहजिक आहे, सोलं तिच्यापासून. मी बियांची रोपं लावली. नर निघाला तरी त्याची सावली तेवढीच दाट पडते.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट कळली. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांवरून वणव्यांच्या जागा टिपते आणि त्या मोबाइलवर कळवायची सोय आहे. त्यातल्या बारीक नजरेच्या उपग्रहाचा ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण ३७५ मीटरचा चौकोन. आमचं घर, कोकम, न्हाणी, गडगा, काकांचं घर आणि त्यांचा मांगर, सगळं एका ठिपक्यात मावतं. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण दुपारी अडीच वाजता खालून धूर आला की कामाला येतो तो गडगा, ओला चर, आणि डहाळी घेऊन धावणारी पाच माणसं.

यंदा शिमग्याच्या आधी चार दिवस पुन्हा वणवा आला. या वेळी रात्री, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याचा जोर नव्हता. मतलई वाऱ्याबरोबर तो वरून खाली, पाठीमागच्या उतारावरून सावकाश उतरला. आम्ही गडग्याच्या आत रांगेने उभे होतो, डहाळ्या ओल्या करून. अननसाच्या ओळीपाशी त्याची उंची वीतभर राहिली होती. पानांच्या कडांवर लाल उजेड पडला, थोडी वाफ निघाली, फुस्स असा आवाज आला आणि उजेड गेला. जांभळाखालून तर तो आलाच नाही. काकांच्या धाकट्या मुलाने एका ठिकाणी पातेऱ्यात धुमसणारं खोड ओढून काढलं आणि त्यावर न्हाणीतलं पाणी ओतलं. पहाटेपर्यंत जागलो, कारण ठिणगी कधी कुठे निजलेली असेल सांगता येत नाही.

सकाळी काका अळवाचे कांदे न्यायला आले. त्यांच्या मोरीचं पाणी आजवर रस्त्यावर जायचं, आता मांगराच्या मागे वळवणार आहेत. मी त्यांना चर दाखवला, किती खोल, किती उतार. मग आम्ही दोघं गडग्याकडेने पश्चिमेच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. तिथे तीन कोकमं लावली होती, त्यातलं एक गुरांनी खाल्लं आणि दोन अजून छातीएवढी आहेत. दहा-बारा हातांची जागा. तिथे जमिनीवर अजून लख्ख ऊन पडतं, आणि उन्हात कापून ठेवलेल्या गवताचे पिवळे बुडखे दिसतात. काकांनी खाली वाकून एक बुडखा उपटून बघितला. म्हणाले, कुदळ घेऊन उद्या सकाळी येतंय.